कासवाला पाहुणचार नको, चारा हवा

देवगडकडच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी मामाने मुंबईहून मुलांसाठी जमिनीवरचं कासव आणून दिलं. तेव्हा ते वाटीएवढं होतं, आता ताटलीएवढं झालंय. रंग वाळूसारखा पिवळट, मागच्या मांड्यांवर टोकदार काट्यासारखे उंचवटे. खायला काकडी, टोमॅटो, कोबी, केळं; संध्याकाळी पोळी किंवा दूधभात; मे महिन्यात हापूसच्या फोडी, आणि त्या खायला ते अक्षरशः धावत येतं. राहायला माजघरात फरशीवर, जिथे खिडकीच्या काचेतून सकाळचं ऊन येतं. जूनपासून खाणं कमी झालंय, पाठीच्या प्रत्येक खवल्यावर टेंगूळ आलंय आणि गेले पंधरा दिवस ते मागचे पाय ओढत चालतंय. शेजारी म्हणतात, पावसाळ्यात कासव झोपतं, सोडून द्या. यांचं विचारणं असं की त्याला ताकद येईल असं नेमकं काय खायला घालावं?

मी गेली बावीस वर्षं कोकणात जनावरांचा दवाखाना चालवते. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री हे रोजचं काम. कासवं आधी वर्षाला एखाददुसरं यायचं, आता दर पावसाळ्यात येतात, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांची कहाणी तुमच्यासारखीच असते. माणसं प्रेमाने खायला घालतात, आणि त्या प्रेमानेच कासवाची हाडं पोकळ होतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कासव कोणतं ते पक्कं करायला हवं, कारण आहार त्यावरच ठरतो. तुम्ही सांगितलेला रंग आणि मांडीवरचे काटे यांवरून ते आफ्रिकेचं सुल्काटा असणार. सहाराच्या दक्षिणेला साहेल म्हणून जो कोरडा गवताळ पट्टा आहे, तिथलं हे जनावर. पूर्ण वाढल्यावर चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि माणसाएवढं जगतं. हे मामांना दुकानात कुणी सांगितलं नसेल, पण घरातल्या सगळ्यांना आत्ताच माहीत असलेलं बरं. काळ्या कवचावर पिवळ्या किरणांच्या चांदण्या असतील तर ते आपलं भारतीय तारा कासव. ते कोकणातलं नव्हे, कोरड्या मुलखातलं. कवच चपटं आणि कातडीसारखं मऊ, विहिरी-तळ्यांत सापडणारं, ते पाण्यातलं कासव. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, काचेच्या पेटीत विकतात ते अमेरिकेतलं. पाण्यातली कासवं मासे, किडे, शेवाळ, पाणवनस्पती असं मिश्र खातात. त्यांना माझं पुढचं उत्तर लागू होत नाही. दक्षिण अमेरिकेच्या रानातली काही जमिनीवरची कासवं फळंही पचवतात. सुल्काटा आणि तारा मात्र चरणारी कासवं.

चरणारी हा शब्द मी मुद्दाम वापरते. तुमच्या घरात गाय असेल किंवा आजोबांच्या वेळी असेल, तर कासवाकडे त्या नजरेने बघा. गाय गवत पचवते ते पोटातल्या जंतूंच्या जिवावर. कासवाचेही जंतू आहेत, फक्त ते आतड्याच्या मागच्या भागात असतात, घोड्यासारखे. त्यांना तंतुमय, रखरखीत, कमी साखरेचं अन्न लागतं. हापूसची फोड किंवा केळं गेलं की साखर तिथे आंबते, जंतूंचं गणित बिघडतं, शी पातळ होते, जंत वाढतात. ते धावत येऊन खातं हा आवडीचा पुरावा झाला, पचल्याचा नव्हे. गाईला पुरणपोळी दिली तर तीही खाते, पण म्हणून गोठ्यात कुणी रोज पुरण घालत नाही.

आता तुमच्या ताटलीतलं एकेक बघू. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी. टोमॅटोत कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस त्याच्या दुपटीहून जास्त. केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट. पोळी आणि भात यांतही फॉस्फरसचीच बाजू जड, वर नुसता पिष्टाचा भार. दूध कासवाने जन्मात कधी प्यायलेलं नसतं, ते पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही. कोबी त्यातल्या त्यात बरा, पण रोज दिला तर थायरॉइडला त्रास देणारे घटक त्यात आहेत. चरणाऱ्या कासवाच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं, चौपट-पाचपट असलं तर उत्तम. तुमच्याकडे हे प्रमाण नेमकं उलटं आहे, आणि दोन वर्षं, म्हणजे वाढीच्या ऐन काळात, उलटं राहिलंय.

त्याने काय होतं ते समजून घ्या. रक्तातलं कॅल्शियम एका पातळीखाली गेलं तर स्नायू आणि हृदय चालत नाहीत, म्हणून शरीर ते कुठूनही ओढून आणतं. कासवाकडे कॅल्शियमचा सगळ्यात मोठा साठा म्हणजे कवच. कवच ही पाठीवर घेतलेली पेटी नाही. ते त्याचा कणा आणि बरगड्याच पसरून, एकमेकांना जोडून झालेलं आहे. म्हणजे घरातल्या खर्चासाठी घराच्याच भिंतीतले चिरे काढून विकावेत तसं ते चालू होतं. वरून कासव वाढताना दिसतं, आत हाड ठिसूळ होत जातं. मग मागचे पाय ओढणं, चोच वाकडी वाढणं, कवच बोटाने दाबलं तर दबणं, ही लक्षणं एकेक करून येतात.

ताकदीचं काय द्यावं या तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे, आणि कोकणात तीच बहुतेक वेळा राहते. तुम्ही उद्यापासून उत्तम चारा घातलात तरी त्यातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासव कातडीवर पडणाऱ्या उन्हातून बनवतं. त्यासाठी उन्हातले ठरावीक अतिनील किरण लागतात, साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीचे. खिडकीची काच ते किरण जवळजवळ सगळे अडवते. तुमचं कासव दोन वर्षं रोज सकाळी उन्हात बसलं, त्याला ऊब मिळाली, उजेड मिळाला, आणि ड जीवनसत्त्व मात्र जवळजवळ मिळालंच नाही. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडे येणाऱ्या दर तीन घरांत दोन घरी असंच असतं.

त्यात आपला पावसाळा. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कासव स्वतःच्या शरीराची ऊब तयार करू शकत नाही. बाहेर गार तर आतडंही गार, आणि गार आतड्यात पोटातलं अन्न तसंच पडून राहतं. जूनपासून खाणं कमी होण्याचं हेच मुख्य कारण असावं. शेजाऱ्यांना सांगा, झोपून ऋतू काढणारी कासवं वेगळी, त्यांचे देश वेगळे. सुल्काटा शीतनिद्रा घेत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात ‘झोपलेलं’ सुल्काटा बहुतेक वेळा आजारी किंवा गारठलेलं असतं.

पाठीच्या टेंगळांबद्दल वेगळं सांगते, कारण त्यावर लोक ठासून चुकीचं बोलतात. पूर्वी सगळा दोष प्रथिनांवर टाकायचे. 2003 मध्ये सुल्काटाच्याच पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांना टेंगळं जास्त येतात, आणि प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम मोठा असतो. कोकणात ओलावा आपल्या बाजूने आहे. म्हणून इथे टेंगळं दिसली की मी तीन गोष्टी विचारते: पिल्लू असताना ते पंख्याखाली, कोरड्या खोक्यात ठेवलं होतं का, पाण्यात बसवत होता का, आणि फार भरभर वाढलं का. दोन वर्षांत वाटीचं ताटलीएवढं होणं ही मऊ, पोटभरू अन्नावर झालेली वेगवान वाढ आहे. आलेली टेंगळं जाणार नाहीत. खवल्यांच्या कडेने जी नवी वाढ येईल ती सपाट आली, तर आपलं बरोबर चाललंय असं समजायचं.

आता चारा. दहा मुठी धरल्या तर आठ मुठी गवत. हरळी, म्हणजे आपली दूर्वा, सगळ्यात उत्तम. कोवळी-जून दोन्ही चालते. बांधावरचं, कातळावरचं साधं गवत चालतं. पावसाळ्यातलं गवत हिरवंगार दिसतं पण पाणचट असतं, त्यात तंतू कमी, म्हणून त्याबरोबर वाळलेलं गवत हवंच. दिवाळीच्या सुमाराला सड्यावर गवत कापतात ना, तेव्हा चांगल्या वाळलेल्या गवताचे दोन भारे घेऊन ठेवा, गोणीत बांधून माळ्यावर, चुलीच्या बाजूला. पावसाळ्यात ओल लागून पांढरी बुरशी धरलेलं गवत अजिबात घालू नका. हुंगून बघा, कुबट वास आला की गाईलाही नको आणि कासवालाही नको. भाताचा पेंढा खाली अंथरायला ठीक, पण खाण्यात त्याचं मोल फार कमी आणि तो कडक असतो.

ताटलीएवढ्या कासवाला लांब गवत तोडता येत नाही, म्हणून विळीवर किंवा कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापा. वाळलेलं असेल तर कापून पाण्याचा हबका मारा.

उरलेल्या दोन मुठींत पालं आणि फुलं. इथे कोकणाइतकी श्रीमंती मी कुठे पाहिली नाही. दारची जास्वंद, तिचं पानही आणि फूलही. तुतीचा पाला. शेवग्याचा पाला तर सोन्यासारखा: 100 ग्रॅम पाल्यात 300 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण त्यात प्रथिनंही बरीच, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर, रोज टोपलीभर नाही. हादग्याचा पाला मिळाला तर तोही तसाच. रानातली एकदांडी, पाथरी, केना. भोपळ्याच्या वेलाची पानं आणि फुलं. फड्या निवडुंग, चपट्या पानांचा, हा फार चांगला. काटे विस्तवावर जाळून, घासून, फोडी करून द्या. इथे एक कळकळीची सूचना. आपल्याकडे कुंपणाला जो त्रिधारी निवडुंग किंवा शेर लावतात, तो मोडला की पांढरा चीक येतो. तो विषारी. त्याने तोंडाची आग होते आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. नावात निवडुंग आहे म्हणून घरातल्या मुलांनी तो तोडून दिलेला मी पाहिलाय. चीक आला की टाकून द्यायचं, एवढं एक मुलांना शिकवा. कण्हेर, रुई, घाणेरी, धोत्रा, एरंड हेही कासवाच्या तोंडाजवळ नकोत.

पावसाळ्यात दारात अळू माजतं आणि फुकट मिळतं म्हणून लोक घालतात. कच्च्या अळवात सुईसारखे स्फटिक असतात, आपला घसा खाजतो तसंच कासवाचंही तोंड सुजतं. शिवाय अळू, पालक, चुका, घोळ यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे आधीच कमी असलेलं आणखी कमी. लाल माठ किंवा पालक कधी चुकून खाल्ला तर घाबरायचं कारण नाही, रोजचा नको. अळू कच्चं कधीच नको.

आणखी एक गोष्ट फक्त आंब्याच्या मुलखातच सांगावी लागते. देवगडला तुमच्या भोवती कलमं असणार. कलमांखालचं गवत दाट आणि हाताशी असतं, पण पालवी आणि मोहोराच्या दिवसांत वरून औषधाच्या फवारण्या होतात, बुंध्याशी कल्टार हे मोहोर आणायचं औषध ओततात, आणि गवत मारायला तणनाशकही मारतात. ज्या बागेत औषध मारतात तिथलं गवत कासवाला घालू नका, आपली बाग असली तरी. वाडीत एखादा तुकडा निवडा, चार पावलांचा का असेना, जिथे काही मारायचं नाही असं घरात ठरवा, आणि तिथे हरळी वाढू द्या. पुढे कासव तिथेच सोडता येईल.

कॅल्शियम वरून द्यावं लागेल, तुमच्या कासवाला तर नक्कीच. वाढत्या कासवाला आठवड्यातून तीनदा, चाऱ्यावर चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची पूड. औषधाच्या दुकानातली साधी, ज्यात फॉस्फरस नाही अशी घ्या. डब्यावर घटक वाचा. आणि किनाऱ्यावर राहता तर समुद्रफेस गोळा करा. माकुलाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगातलं ते पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं कवच पुळणीवर वाहून येतं. तो बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेटच असतो. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत, भिजवून मीठ काढा, कडकडीत उन्हात वाळवा, कडक पाठ काढून टाका आणि मऊ भाग कासवाच्या जागेत ठेवून द्या. ज्याला हवं ते कासव स्वतः कुरतडतं. माझ्या दवाखान्यात खिडकीत एक परडी भरून ठेवलेली असते, येणाऱ्याला फुकट देते.

पानाच्या डब्यातला चुना मात्र कॅल्शियम म्हणून देऊ नका. एका घरी आजीने पोळीला चुना लावून कासवाला भरवला होता; तिची भावना चांगली होती, कारण बाळंतिणीला चुना देतात हे तिने पाहिलेलं. तो चुना दाहक असतो, कासवाची जीभ आणि घसा भाजला होता, आणि महिनाभर त्याला नळीने खायला घालावं लागलं. तसंच आपल्याकडे माणसांसाठी मिळणारी ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी. ती माणसाच्या आठवड्याची मात्रा आहे. एवढ्याशा जनावराला ती घातली तर कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साचतं आणि ते परत काढता येत नाही.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत मी इतकी सावध का, तर माझ्या हातून एकदा चूक झालीये. दवाखाना सुरू केल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी एक चरणारं कासव सुजलेल्या डोळ्यांनी आलं. पाण्यातल्या कासवांत अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे सुजतात हे वाचलेलं होतं, म्हणून मी त्याचं इंजेक्शन दिलं. जमिनीवरचं, हिरवा पाला खाणारं कासव, त्याला ते कमी पडलेलंच नव्हतं. दोन आठवड्यांनी त्याच्या मानेची आणि पायांची कातडी सोलून निघाली. कासव वाचलं, पण त्या घरच्या मुलीने रोज मलम लावत तीन महिने काढले. तेव्हापासून आधी कासवाचा चारा, ऊन, पाणी सुधारते, आणि सुई सगळ्यात शेवटी.

पाण्याबद्दल लोक विचारत नाहीत, कारण वाळवंटातलं जनावर म्हटलं की पाणी नको असा समज असतो. दिवसाआड, कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही इतक्याच खोल, पंधरा-वीस मिनिटं बसवा. ते पाणी पितं, तिथेच शी-शू करतं, मग पाणी टाकून घमेलं धुवून ठेवा. लघवीबरोबर पांढरं पडतं ते बघत चला. दह्यासारखं मऊ असेल तर ठीक. वाळूसारखं खरखरीत लागलं तर पाणी कमी पडतंय, आणि असं चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो. समुद्राजवळच्या विहिरीला मचूळ पाणी असेल तर ते वापरू नका.

हा खडा मी मुद्दाम मध्येच आणला, कारण मागचे पाय ओढण्याचं तेही एक कारण असतं. हाडं मऊ झाल्याने पाय ओढतं, खड्याच्या दाबाने ओढतं, मादी असेल आणि मोठी असेल तर अडकलेल्या अंड्यांनीही ओढतं. तुमचं अजून लहान आहे, त्यामुळे पहिली दोन कारणं. लिहून दिलेल्या वर्णनावरून मी त्यातलं एक निवडणार नाही. एक्स-रे काढावाच लागेल. गावातल्या पशुवैद्याकडे यंत्र नसेल तर माणसांच्या एक्स-रे केंद्रात विनंती करून काढतात, मी कितीदा तसंच केलंय. चित्र पशुवैद्याला दाखवा. गुंतागुंत वाटली तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याकडे शिरवळचं आहे. नाकातून फुगे, डोळे मिटलेले, कुंथणं, किंवा ऊब देऊनही आठवडाभर तोंड न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर चाऱ्याचा विचार बाजूला ठेवून आधी तिकडे जा.

उन्हाची सोय कशी करायची ते तुमच्या घरावर आणि खिशावर अवलंबून आहे. ऑक्टोबर ते मे सोपं. अंगणात चिऱ्यांची दीड हात उंच चौकट घाला. सुल्काटा उकरतं, म्हणून खालचा थर जमिनीत वीतभर पुरलेला हवा. अर्ध्या भागावर झावळांची सावली. सकाळी आठ ते दहा ऊन पुष्कळ झालं. सावली नसेल तर एप्रिलच्या उन्हात कासव तासाभरात मरतं, हे विसरू नका. कावळे, मुंगूस, भटकी कुत्री यांच्यासाठी वरून जाळी. पावसाळ्यात कासवांसाठी मिळणारी अतिनील किरणांची नळी लावावी लागते, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता, किती अंतरावर ते तिच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं. दिवसाला दहा-बारा तास. नळी उजेड देत राहते पण तिचे किरण आधीच संपतात, म्हणून वर्षाच्या आत बदलायची. जोडीला ऊब देणारा साधा दिवा, असा की त्याच्याखाली 35 अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला 28च्या आसपास राहील. वीज गेली तर कासवाला गोणपाटात गुंडाळून चुलीच्या खोलीत ठेवा. पावसाने उघडीप दिली, खरं ऊन पडलं, तर हातातलं काम टाकून वीस मिनिटं त्याला बाहेर न्या. आमच्याकडे एक शाळकरी मुलगा यासाठी वर्गात खिडकीजवळची जागा मागून घ्यायचा आणि ऊन पडलं की मधल्या सुट्टीत घरी पळायचा. त्याचं कासव आता सोळा किलोंचं आहे.

म्हणजे आतापर्यंतचं असं: गवत मुख्य, पालं-फुलं थोडी, फळ-पोळी-दूध बंद, वरून कॅल्शियम, आणि हे सगळं अंगी लागायला ऊब आणि काचेविना ऊन. यातलं एकच केलंत तर उपयोग अर्धाही होत नाही.

बदल करताना कासव रुसणार. दोन वर्षं आंबा-केळं खाल्लेल्याला गवत म्हणजे शिक्षा वाटते. एकदम बंद करून उपाशी ठेवू नका, कारण तुमचं आधीच अशक्त आहे. पहिल्या आठवड्यात काकडी किसून ती बारीक कापलेल्या हरळीत चोळा, इतकी की काकडी वेगळी निवडता येऊ नये. वर लाल जास्वंदीची पाकळी, कासवांना लाल रंग ओढतो. दर चार दिवसांनी काकडी कमी, गवत जास्त. तीन-चार आठवड्यांत गाडी रुळावर येते. खायला सकाळी द्या, ते तासभर उबेत बसल्यावर. गारठलेल्या कासवापुढे ताट ठेवलं तर ते बघतही नाही आणि मग माणसांना वाटतं त्याला गवत आवडत नाही. गवत दिवसभर समोर असू द्या. पालं मात्र त्याच्या कवचाएवढा एक ढीग, बस.

शेवटी कागदपत्रांचं, कारण ते टाळून चालणार नाही. तारा कासव आणि आपल्या विहिरी-तळ्यांतली देशी कासवं घरात पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कुणाकडे असेल तर वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवावं. स्वतःच कुठे नेऊन सोडू नये. सुल्काटा परदेशी आहे, पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि 2022च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मामांकडे खरेदीचं काही असेल तर मागून घ्या आणि वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. सांभाळणं झेपणार नाही असं वाटलं तरी ओढ्यात, रानात, देवळाच्या तळ्यात सोडणं हा मार्ग नाही. ते तिथे मरेल, आणि नाही मेलं तर इथल्या प्राण्यांना आपले आजार देईल.

या आठवड्यात एवढं करा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कासवाचं वजन घ्या आणि तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दर रविवारी लिहीत जा. आज संध्याकाळपासून ऊब. उद्या सकाळी कोमट पाणी. पोटाकडचं कवच अंगठ्याने हलकेच दाबून बघा. दबलं तर एक्स-रेसाठी रविवारची वाट बघू नका. त्या चित्रात खडा नाही असं दिसलं, तर मला हाडांची जाडी कशी दिसते ते कळवा, म्हणजे कॅल्शियम किती आणि किती दिवस ते तुमच्या पशुवैद्यांशी बोलून नेमकं ठरवता येईल.